मीमवर तारीख टाकून ठेवा राव

महाराष्ट्रात कुणालाही "पहाटेचा शपथविधी" म्हणा, कुठला ते सांगावं लागत नाही. आता गंमत बघा, २३ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना पहाटे पावणेसहाच्या सुमाराला निघाली हे खरं, पण राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली ती सकाळी आठच्या आसपास. नोव्हेंबरात आठ वाजता कसली पहाट? ऊन आलेलं असतं, दूध तापलेलं असतं, पोरं शाळेत जाऊन बसलेली असतात. तरी तो शपथविधी पहाटेचाच राहिला आणि आता कायमचा पहाटेचाच राहणार, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या राज्याच्या फोनवर जे विनोद फिरले त्या सगळ्यांत पहाट होती. हातात त्या दिवशीचा पेपर, पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणून मोठी बातमी आणि समोर टीव्हीवर भलतंच चाललेलं. असं झाल्यावर लोक दुसरं काय करणार, विनोदच करणार. आणि त्या विनोदानं घड्याळाला हरवलं.

मला हे फार भारी वाटतं. आणि याच कारणासाठी मी गेले काही दिवस ज्याला त्याला पकडून सांगतोय की आपल्याकडे राजकारणावर जे विनोद होतात, मीम म्हणा, रील म्हणा, चारोळी म्हणा, एडिट केलेली ऑडिओ क्लिप म्हणा, ते सगळं जपून ठेवायला पाहिजे आणि जपताना त्यावर तारीख टाकायला पाहिजे. हसून झालं की डिलीट, फोन भरला की डिलीट, हे बंद करा. आपल्या काळाचा इतिहास आहे तो, आणि आपण तो रोज रात्री "जागा मोकळी करा" वर बोट ठेवून पुसतोय.

तारखेवर एवढा जोर का, ते "मी पुन्हा येईन" वरून सांगतो.

२०१९ च्या निवडणुकीआधी विधानसभेच्या शेवटच्या अधिवेशनात फडणवीसांनी त्या ओळी म्हटल्या, कवितेच्या चालीवर. मग ऑक्टोबरात निकाल लागला, भाजप १०५, शिवसेना ५६, युती फिसकटली, शपथ घेतली आणि २६ नोव्हेंबरला राजीनामा. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचा शपथविधी. आता या काळातलं "मी पुन्हा येईन" चं कुठलंही मीम काढा, ते विरोधकांनी केलेलं असणार, चिडवायला. लग्नात जेवायला दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलेला माणूस दाखवायचा आणि खाली तीच ओळ. एटीकेटी लागलेला पोरगा, खाली तीच ओळ. बरं, हे सगळं चालू असताना समर्थक गप्प नव्हते, ते फडणवीसांचा विधानसभेतला तो "मैं समंदर हूँ, लौटकर वापस आऊंगा" वाला शेर फिरवत होते, पण हशा मात्र दुसऱ्या बाजूला होता.

मग ३० जून २०२२. सगळे टीव्हीवाले धरून चालले होते की आता फडणवीसच, आणि पत्रकार परिषदेत नाव आलं एकनाथ शिंदेंचं. फडणवीस म्हणाले मी बाहेर राहणार आणि काही तासांत उपमुख्यमंत्रिपदाची शपथ. त्या रात्रीचं "मी पुन्हा येईन" वेगळंच, त्यात दोन्ही बाजूंचे लोक हसत होते आणि दोघांच्या हसण्याचं कारण वेगळं होतं. आले तर खरे, पण एक पायरी खाली. मग ५ डिसेंबर २०२४, आझाद मैदान, आता भाजपचे १३२ आमदार आणि फडणवीस मुख्यमंत्री. त्या दिवशी तीच ओळ, तोच फोटो, तोच फॉन्ट सुद्धा बऱ्याच ठिकाणी, पण आता ती मिरवायला. जे पाच वर्षं टोमणा होतं ते घोषणा झालं.

म्हणजे आता तुम्ही मला नुसतं ते चित्र पाठवलंत, तारीख नाही, कुणी पाठवलं माहीत नाही, तर मला काय कळणार? टोमणा आहे का मिरवणूक आहे का खांद्यावर हात ठेवून केलेलं सांत्वन आहे? काहीच नाही कळणार. आणि अजून तीस वर्षांनी कुणी पोरगी पीएचडीला हा विषय घेऊन बसली तर तिला तर त्याहून कळणार नाही. तीन तारखा लिहिलेल्या असल्या तर मात्र अख्खं पाच वर्षांचं राजकारण त्या तीन शब्दांत उलगडतं, कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त.

कुणी म्हणेल विनोदाचं काय एवढं, चार दिवस फिरतो आणि जातो. त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. १३ ऑगस्ट १९६० ला बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे यांनी मार्मिक काढलं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक. त्यात "वाचा आणि थंड बसा" म्हणून मुंबईतल्या कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायला लागल्या आणि पुढे तेच "वाचा आणि उठा" झालं. आणि १९ जून १९६६ ला शिवसेना. म्हणजे महाराष्ट्रातला एक अख्खा पक्ष व्यंगचित्रांच्या साप्ताहिकातून निघालाय. कुणाला तो पक्ष आवडो न आवडो, तो कसा तयार झाला हे आज अभ्यासता येतं, कारण त्या अंकांवर तारीख छापलेली आहे आणि अंक कुणीतरी बांधून ठेवलेत. चित्र उजवीकडचं का डावीकडचं, त्या आठवड्यात मुंबईत काय चाललं होतं, सगळं जुळवता येतं.

आणि छापील गोष्टींसाठी कायदाच आहे. १९५४ चा, पुस्तकांसाठी, आणि १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकंही आली. प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं प्रती पाठवायच्या, कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. सगळे पाठवतात असं नाही, पण निदान सरकारला वाटलं तरी की छापलेलं राहिलं पाहिजे. आज मराठी माणूस राजकारणावर जे बोलतो त्यातलं बहुतेक फोनवर बोलतो आणि ते कुठं पाठवायचं याचा काही पत्ताच नाही.

ते जातं कसं ते पण बघा. ऑर्कुटवर मराठी कम्युनिट्या होत्या, मला त्या वेळी तिथं भयंकर मजा यायची, रोमन लिपीत मराठी टाईप करायचे सगळे आणि भांडायचे राज ठाकरे का उद्धव ठाकरे यावरून रात्र रात्र. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद. २००६ ला मनसे निघाल्यावर तरुण पोरं एकमेकांशी काय बोलत होती हे जर कुठं लिहिलेलं होतं तर ते तिथं होतं.

टिकटॉकचं तर मला जास्त वाईट वाटतं. २९ जून २०२० ला सरकारनं एकोणसाठ चिनी ॲप बंद केली, गलवाननंतर. बंदी बरोबर का चूक तो वेगळा वाद, मला त्यात आत्ता पडायचं नाही. पण त्या ॲपवर महाराष्ट्रातल्या खेड्यातली जी पोरं-पोरी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ऊसतोडीच्या फडात, गोठ्यात, एसटी स्टँडवर, ज्यांना पुण्या-मुंबईच्या कुठल्याच चॅनेलनं कधी उभं केलं नसतं, ती एका रात्रीत पुसली गेली. ज्यांनी आधीच फोनमध्ये सेव्ह केलं होतं तेवढं वाचलं. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण त्यातलाच, टिकटॉकवर लोकांनी त्याला धू धू धुतलं, बोलण्यावर हसले, दिसण्यावर हसले, आणि ६ ऑक्टोबर २०२४ ला तोच पठ्ठ्या बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन जिंकला. आता त्याचा तो "गुलीगत" शब्द कुठून आला, कधी आला, आधी लोक त्याच्या वर हसत होते ते त्याच्या सोबत कधी हसायला लागले, हे ज्याला शोधायचंय त्यानं कुठं शोधायचं? मूळ जागाच गेली. मराठी करमणुकीच्या इतिहासात एवढा मोठा बदल झाला की चेहरा कुठला चालतो, बोली कुठली चालते हे सगळं पालटलं, आणि त्याची सुरुवातीची पानं फाटलेली.

तिसरं म्हणजे भीती. लोक स्वतःच काढून टाकतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाईक केलं, दोघींना अटक. त्यात तर विनोद पण नव्हता, साधं मत होतं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, पण लोकांच्या मनातून ते गेलं नाही. २०२३ मध्ये पन्नास खोक्यांच्या, म्हणजे शिंदेंसोबत गेलेल्या आमदारांनी पन्नास कोटी घेतल्याच्या आरोपावरच्या, रॅपवरून एका तरुण पोरावर गुन्हा दाखल झाला. मार्च २०२५ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या शिंदेंवरच्या एका गाण्यावरून खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. असं झालं की गावाकडचा पेज चालवणारा पोरगा काय करतो, जुनं सगळं डिलीट मारतो, घरी म्हातारे आई-बाप असतात, पोलिस पाटील ओळखीचा असतो, कशाला झंझट. मी त्याला अजिबात दोष देणार नाही. दोष त्याला घाबरवणाऱ्याचा आहे, आणि यात सगळे पक्ष येतात, सत्तेत असले की सगळ्यांचीच कातडी पातळ होते.

कोर्ट मात्र बऱ्याचदा शहाणपणानं वागलंय हेही सांगायला पाहिजे. २०१९ मध्ये "अलिबागसे आया है क्या" या वाक्यावर बंदी घाला म्हणून याचिका गेली होती मुंबई हायकोर्टात, कोर्टानं फेटाळली, म्हणाले प्रत्येक समाजावर विनोद असतातच, एवढं लावून घेऊ नका. आणि सरकारबद्दलची कुठली बातमी खोटी ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार हा नियम, तो सप्टेंबर २०२४ मध्ये याच हायकोर्टानं रद्द केला. सरकारची टिंगल करणाऱ्यानं सरकारलाच विचारायचं का, हे खरं आहे का म्हणून? बरं झालं रद्द झाला.

आता यावर मला हमखास विचारतात की मग घाण पण जपायची का. बायका राजकारणात आल्या की त्यांच्या साडीवर, अंगावर, नवऱ्यावर केलेले विनोद, जातीवरून केलेले, धर्मावरून केलेले. माझं मत, हो, तेही जपायचं. फिरवायचं नाही, फॉरवर्ड करायचं नाही, पण नोंद ठेवायची, कुठल्या महिन्यात फिरत होतं आणि कुठल्या निवडणुकीच्या तोंडावर फिरत होतं त्यासकट. नाहीतर उद्या सगळे साळसूद चेहऱ्यानं सांगतील की आम्ही असं कधी बोललोच नाही. फक्त एक, ज्या साध्या माणसाचा फोटो त्याला न विचारता उचलून मीम केलंय, कुणाची आजी, कुणाचा शेजारी, त्याचा चेहरा झाका आणि नाव लिहू नका. पुढाऱ्यानं स्वतः मैदानात उडी घेतलेली असते, त्या आजीनं घेतलेली नसते.

आणि कोणी केलं हे पण लिहून ठेवा, कळलं तर. कारण आता निम्मा विनोद पगारी झालाय. पक्षाचे लोक पेज चालवतात, नाव असतं गमतीचं, आणि एकच चित्र दहा पेजवर एकाच तासाला एकाच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट पडतं. लोकांच्या पोटातून आलेला विनोद असा येत नाही, तो वाकडातिकडा येतो, प्रत्येक ग्रुपवर थोडा वेगळा होऊन येतो.

उदाहरण शहाजीबापूंचं. जून २०२२, शिंदेंसोबतचे आमदार आधी सुरत मग गुवाहाटी, हॉटेलात. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील फोनवर गावाकडच्या कार्यकर्त्याशी बोलतायत आणि ती क्लिप बाहेर येते, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओके." बास. ते कुठल्याही आयटी सेलला सुचलं नसतं, कारण ते लिहिलेलंच नव्हतं, माणदेशी माणूस खुशीत आला की जसा बोलतो तसा तो माणूस बोलला. सरकार पडायला आलंय, सगळे चॅनेल आकडे मोजतायत आणि हे सांगतायत झाडीचं! दोन दिवसांत त्याचं गाणं झालं, टीशर्ट झाले, हॉटेलांनी पाट्या लावल्या, आणि ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी तेच "ओके" उचलून त्याला पन्नास खोके जोडले. कौतुकाचा शब्द आरोपाचा झाला, दोन महिन्यांत. २०२४ ला सांगोल्यात बापू पडले आणि शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले तेव्हा झाडी परत आली, आता तिसऱ्या अर्थानं. हा प्रवास कुणी क्रमानं लावून ठेवलाय का? मला तरी कुठं दिसला नाही. वर्तमानपत्रांत पहिली क्लिप सापडते, घोषणा सापडते, मधलं जे लोकांनी केलं ते गायब.

कोकणात आणि इतरत्र शिलाहार-यादवांच्या काळातले दगड सापडतात, गधेगाळ म्हणतात त्यांना. वर चंद्र-सूर्य, मध्ये किंवा खाली गाढवाचं अश्लील चित्र आणि शिवी, की हे दान जो कोणी मोडेल त्याच्या आईला असं होवो. धमकीच होती ती, पण चित्र आणि त्याच्यासोबत दोन ओळी, रस्त्यावरच्या माणसाला लगेच कळतील अशा, म्हणजे आपण रोज जे बघतो त्याच जातीची गोष्ट. शेकडो वर्षं लोकांनी लाजून ते दगड बाजूला टाकले, कुणी पायरीला लावले, आणि आता अभ्यासक गावोगाव फिरून ते धुऊन-पुसून वाचतायत, कारण त्या काळची बोलायची मराठी, राग, कायदा, सगळं त्यात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचे पुरावे आठवले, छानच झालं, मलाही आनंद झाला. पण आजचा पुरावा पण कुणीतरी सांभाळा ना. तो दगड तरी होता, पडून राहिला. इथं फोन पाण्यात पडला की संपलं.

आता करायचं काय. फार अवघड नाहीये. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सॲपच्या इमेजेसच्या फोल्डरमध्ये जा. तिथं प्रत्येक चित्राच्या नावात आठ आकडे असतात, २०१९११२३ असे, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. ती चित्र तुमच्याकडे आलं त्याची तारीख आहे, बनवलं त्याची नाही, पण निदान या दिवशी हे फिरत होतं एवढं तर पक्कं. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते फाईलचं नाव बदलून "फनी१" करून ठेवतात. नका करू. दुसऱ्याला पाठवताना फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते चित्र दाबून बारीक करतं आणि आतली माहिती काढून टाकतं, समोरच्याच्या फोनवर नवीन तारखेचं नाव पडतं. म्हणून जपायला पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसंच्या तसं जातं. आणि एक साधी वही किंवा शीट, कुठल्या दिवशी आलं, कुठल्या प्रकारच्या ग्रुपवर आलं (घरचा, कॉलेजचा, सोसायटीचा, गावचा), आणि त्या दिवशी काय घडलं होतं एक ओळ. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण विनोदाचा संदर्भ सगळ्यात आधी मरतो. पावसात भिजणारे ७८ वर्षांचे शरद पवार हे चित्र आज सगळ्यांना कळतं, १८ ऑक्टोबर २०१९, सातारा, उदयनराजेंविरुद्ध श्रीनिवास पाटलांची पोटनिवडणूक. दहावीतल्या पोराला विचारा, त्याला फक्त पावसात भिजणारे आजोबा दिसतात.

मोठं काम ग्रंथालयांनी करावं असं मला मनापासून वाटतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, लोकांनी वर्गणी काढून, पुस्तकं गोळा करून उभ्या केलेल्या संस्था आहेत या. तिथं एक हार्ड डिस्क आणि एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी पोरांना दलित साहित्य, ग्रामीण साहित्य यावर प्रकल्प देतात तसा यावर द्यावा, पोरं आनंदानं करतील, त्यांच्याच फोनमध्ये सगळं आहे.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलंय. राज्याच्या राजकारणावरचं बऱ्यापैकी जमतंय, ते सगळ्यांकडेच असतं. माझ्याकडे नाहीये ते गावचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सरपंचपदाच्या उमेदवारावर गावच्याच पोरांनी केलेली गाणी, साखर कारखान्याच्या इलेक्शनमधल्या ऑडिओ क्लिपा, झेडपीच्या तिकिटावरून झालेली पोस्टरबाजी, नगरपालिकेच्या खड्ड्यांवरच्या चारोळ्या. हा खरा माल आहे आणि हाच सगळ्यात लवकर जातो, कारण तो दोनशे माणसांच्या बाहेर कधी जातच नाही. तुमच्याकडे असलं काही असेल, खास करून सांगोला, बारामती, कणकवली, बीड, येवला या भागातलं, तर नावं झाकून, डॉक्युमेंट म्हणून, तारखेसकट पाठवा. आणि नवीन फोन घेणार असाल तर जुना एक्स्चेंजला द्यायच्या आधी पाठवा.